आमच्या वाचनालयातली पोरं पोलीस ठाण्यात गेली तेव्हा

गेल्या वर्षी गावच्या जत्रेत आमचा बारका हरवला. बारका म्हणजे माझा मुलगा नाही, मी शनिवार-रविवार मुलांचं वाचनालय चालवते तिथं येणारा सहा वर्षांचा पोरगा, सगळे त्याला बारकाच म्हणतात. गर्दीत आईचा हात सुटला आणि गायब. लाऊडस्पीकरवरून चार वेळा पुकारलं, पोलीस मदत केंद्रातले दोन हवालदार पाळण्यांपासून मंदिरापर्यंत शोधत होते, आई रडून बेजार, आणि हा सापडला कुठं तर भांड्यांच्या दुकानाच्या फळीखाली, ताडपत्रीच्या आत अंग चोरून बसलेला. तब्बल दीड तास. त्याला पुकारा ऐकू येत होता, पोलीस शोधताहेत हे पण दिसत होतं, आणि म्हणूनच तो लपला होता. घरात दंगा केला की आजी म्हणायची, पोलीस आला बघ, पोत्यात घालून नेतो. मग पोलीसच शोधायला लागल्यावर पोरगं बाहेर येईल का?

हे माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या शनिवारी सगळ्यांना गोल बसवून विचारलं, हरवलात तर कुणाकडं जाल? कुणी दुकानदार म्हटलं, कुणी रिक्षावाले काका, एकीनं देवळातला गुरव सांगितला. पोलीस एकाच्याही तोंडून आलं नाही. तेव्हाच ठरवलं की या पोरांना एकदा पोलीस ठाणं आतून दाखवायचं.

आमचं गाव तालुक्याचं, सांगली जिल्ह्यातलं. पोलीस ठाणं वाचनालयापासून चालत दहा मिनिटांवर, पण इतक्या वर्षांत मी स्वतः फक्त पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला एकदा गेले होते. चौकशी केल्यावर कळलं की २ ते ८ जानेवारी पोलिसांचा रेझिंग डे सप्ताह असतो. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना त्यांचा ध्वज मिळाला, त्याची आठवण म्हणून. त्या आठवड्यात शाळांच्या पोरांना ठाण्यात बोलावतात, हत्यारं दाखवतात, माहिती देतात. मग म्हटलं आपण पण त्यातच घुसू.

अर्ज साधाच लिहिला, मा. पोलीस निरीक्षक साहेब यांना, विषय, मुलांची संख्या, वयं, सोबत कोण मोठी माणसं येणार. दोन प्रती नेल्या, एक आवकला दिली आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला (हे करा नक्की, नंतर त्याच शिक्क्यानं माझं काम झालं). तिथल्या हवालदारांनी विचारलं शाळा कुठली, म्हटलं शाळा नाही वाचनालय आहे, मग संस्था रजिस्टर आहे का, म्हटलं नाही, घराच्या पुढच्या खोलीत चालतं. ते जरा विचारात पडले पण अर्ज ठेवून घेतला. सहा दिवसांनी फोन आला, ४ तारखेला या. ४ तारखेला सकाळी नऊला परत फोन, अचानक बंदोबस्त लागलाय, आज जमणार नाही. पोरं आंघोळी करून, तेल लावून तयार बसलेली. त्यांची तोंडं बघवत नव्हती. शेवटी सप्ताह संपून गेल्यावर पुढच्या शनिवारचा दिवस मिळाला, पण एका अर्थी ते बरंच झालं, कारण सप्ताहात दोन-दोनशे पोरं लायनीत येतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर पडतात, आम्हाला मात्र दोन तास मिळाले.

खरं काम होतं पालकांचं. संमतीपत्र घेऊन मी घरोघरी फिरले. एका आजोबांनी सरळ सांगितलं, शहाण्यानं कोर्टाची आणि पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, आणि तू पोरांना घेऊन निघालीस होय गं? एक आई म्हणाली, ताई, पोराचं नाव तिथल्या वहीत लागंल, पुढं नोकरीला आडवं यायचं. तिला समजावायला अर्धा तास गेला. पण हे सगळं एकीकडं आणि माळावरच्या पालांवरचा, म्हणजे भटक्या लोकांच्या तंबूवस्तीतला, अनुभव एकीकडं. तिथली चार मुलं आमच्याकडं येतात. त्यातल्या एका मुलीची आई चुलीपुढं बसली होती, तिनं कागद हातात पण घेतला नाही. म्हणाली, "पोलीस आमच्याकडं येत्यातच की रातीचं. आमी कशाला जायाचं त्यांच्याकडं?"

याला काय उत्तर देणार. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, कागदावर ही माणसं विमुक्त झाली, पण कुठं चोरी झाली की गाडी पहिल्यांदा पालाकडं वळते ही गोष्ट त्या बाईनं मला कायदा न वाचता एका वाक्यात सांगितली. मी तिला काही पटवायला गेले नाही. एवढंच म्हटलं की तुमच्या पोरीला तिथं काय विचारायचं ते विचारू दे, मी तिच्या शेजारी उभी राहीन. दोन दिवसांनी पोरगी संमतीपत्रावर आईचा अंगठा घेऊन आली. पालांवरची अजून एक मुलगी आली, दोन आली नाहीत.

जायच्या आधी मी एकटी जाऊन निरीक्षक साहेबांना भेटले, आणि दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे लॉकअपमध्ये कुणी आरोपी असेल तर आम्हाला लॉकअप दाखवू नका. आत बसलेला माणूस काय प्राणी नाही, बाहेर पोरं उभी करून बघायला, आणि आमच्या गावात तो कुणाचा तरी बाप नाहीतर काका असणार. दुसरं म्हणजे बंदूक पोरांच्या हातात देऊन फोटो नकोत. साहेब पहिल्या गोष्टीला लगेच हो म्हणाले. दुसरीला हसले, म्हणाले मॅडम, पोरं त्याच्यासाठीच येतात. पण मानलं.

शनिवारी २३ पोरं निघाली. मी, माझी मैत्रीण आणि एका मुलाचे वडील. गेटपर्यंत सगळे बडबड करत आले आणि गेटवर रायफल घेतलेला गार्ड दिसल्यावर एकदम चिडीचूप. आणि बारका थांबला. माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरून, मान खाली. मी ओढलं नाही. मैत्रिणीला म्हटलं तू याच्याबरोबर समोरच्या चहाच्या गाड्यावर बस, त्याला वाटलं तर येईल, नाही वाटलं तर नको.

आत पाऊल टाकतोय तेवढ्यात गार्डनं टोल दिले. आमच्या ठाण्यात अजून ही पद्धत आहे, व्हरांड्यात पितळेची जाड थाळी टांगलीय, तिच्यावर तासातासाला हातोडीनं ठोके. अकरा. पोरांनी मोठ्यानं मोजले, बारावा पडतोय का म्हणून वाट बघितली आणि तिथंच त्यांची निम्मी भीती गेली असं मला वाटतं.

पहिलं टेबल ठाणे अंमलदारांचं, म्हणजे ठाण्यात तक्रारी लिहून घेणाऱ्यांचं. पन्नाशीचे, शांत, चष्मा नाकावर. शेजारी वायरलेस खरखरत होता, मधूनच कुणीतरी बोलायचं आणि ते उत्तर द्यायचे, पोरं त्याच्याकडंच बघत होती. त्यांनी भाषण केलं नाही हे मला फार आवडलं. विचारलं, तुमच्यातलं कुणाचं काय चोरीला गेलंय? एकीनं हात वर केला, देवळाबाहेरून चप्पल. सगळे हसले, पण ते हसले नाहीत. कोरा कागद ओढला, पेन काढलं.

"कधी?"

"दसऱ्याला."

"सकाळी का संध्याकाळी?"

"सोनं वाटायच्या वेळी."

"कसली होती?"

"गुलाबी. एका चपलीचा पट्टा शिवलेला, काळ्या दोऱ्यानं."

"कुठल्या पायाची?"

पोरगी डोळे मिटून आठवायला लागली, डावा पाय पुढं केला, मग म्हणाली डाव्या. अंमलदारांनी लिहिलं आणि मग सगळ्यांना सांगितलं, बघा, गुलाबी चपला गावात शंभर असतील, पण डाव्या पायाला काळ्या दोऱ्यानं शिवलेली एकच. तक्रार द्यायची म्हणजे एवढंच, जे डोळ्यांनी बघितलंय ते नीट सांगायचं, जे बघितलं नाही ते सांगायचं नाही. मग एकानं विचारलं, आता तुम्ही चोराला पकडणार? तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं, की १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, त्यात पाच हजाराच्या आतल्या वस्तूची चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे आम्ही लिहून घेणार, तुला नोंदीची प्रत देणार, पण तपास करायचा तर कोर्टाची परवानगी लागते. मोठा गुन्हा असेल तर एफआयआर, आणि तिची प्रत तक्रार देणाऱ्याला फुकट मिळते, पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. गुन्हा दुसऱ्या गावात घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते, आमच्याकडं झिरो नंबरनं घेतात आणि त्या ठाण्याला पाठवतात. खरं सांगते, यातलं निम्मं मला स्वतःला माहीत नव्हतं. पोरांच्या मागं उभी राहून मी वहीत लिहून घेत होते.

नंतर ११२, म्हणजे अडचणीत मदत मागायचा नंबर. एक तरुण शिपाई होते, त्यांनी विचारलं नंबर कुणाला माहितेय, जवळजवळ सगळ्यांचे हात वर. मग म्हणाले, फोन लागला, आता बोला. एक पोरगा उभा राहिला आणि ओरडला, "लवकर या ओ!" कुठं? "आमच्या घरी!" तुमचं घर कुठं? पोरगा गप्प. तेव्हा त्यांनी समजावलं की तुमचा फोन हिथं वाजत नाही, तो नवी मुंबईतल्या केंद्रात जातो, तिथली ताई तुमचं ऐकून आपल्या जिल्ह्याला कळवते आणि मग जवळच्या गाडीतल्या मशीनवर निरोप येतो. त्या ताईला तुमची गल्ली, तुमचं पिंपळाचं झाड काय माहीत? म्हणून आधी गावाचं नाव, मग तालुका, मग जवळची मोठी खूण. आणि १०९८ हा खास मुलांसाठीचा नंबर, मार खाणारं, कामाला जुंपलेलं, हरवलेलं कुठलंही मूल किंवा त्याच्यासाठी दुसरं कुणीही लावू शकतं. चेष्टा म्हणून फोन लावणारी पोरं पण खूप आहेत म्हणाले, आणि त्या वेळात खऱ्या अडचणीतलं कुणीतरी थांबून राहतं. मग विचारलं आईबापाचा मोबाईल नंबर पाठ कुणाला आहे. २२ पैकी नऊ. मला धक्काच बसला, कारण ही पोरं शंभर श्लोक म्हणून दाखवतील.

मागच्या अंगणात जप्तीच्या गाड्या होत्या, एका मोटरसायकलच्या चाकातून घाणेरीचं झाड वर आलेलं. हत्यारांच्या खोलीत दोन मिनिटं, रायफली साखळीनं बांधून ठेवलेल्या, दुरूनच बघितल्या. पोरांना अजून थांबायचं होतं पण मला तेवढं पुरे वाटलं. त्या खोलीबाहेरच्या भिंतीवर तुकाराम ओंबळेंचा फोटो आहे. एकानं विचारलं हे कोण, तर शिपाई म्हणाले, आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, केडंबे गावचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला यांच्या हातात फक्त काठी होती, समोरच्याच्या हातात एके-४७, आणि त्यांनी ती बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या लागल्या तरी सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. सरकारनं मरणोत्तर अशोकचक्र दिलं. मघापासून रायफलीच्या मागं लागलेली दोन पोरं त्या फोटोतल्या माणसाच्या हाताकडं बघत उभी राहिली.

लॉकअप रिकामं होतं. गज, फरशी, कोपऱ्यात घडी घातलेली एक चादर, वर कॅमेरा. साहेब स्वतः आले होते आता. सांगत होते की अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावंच लागतं, त्याच्या घरी कळवावं लागतं, त्याला वकील मागता येतो, आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला या खोलीत कधीच ठेवत नाहीत, कायद्यानंच बंदी आहे, त्यानं काहीही केलेलं असो.

तेव्हा पालावरची ती मुलगी बोलली. आत आल्यापासून पहिल्यांदाच.

"हिथं मारत्यात का?"

सगळं शांत झालं. मी ठरल्याप्रमाणं तिच्या शेजारी होते, तिच्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांनी लगेच उत्तर दिलं नाही. खाली वाकले, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "मारायचा अधिकार कुणालाच नाही. मारलं तर तो पोलिसानं केलेला गुन्हा आहे, आणि त्या पोलिसावर केस होते. तो वर कॅमेरा दिसतो ना, सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलं, प्रत्येक ठाण्यात लावायचा. आमच्यावर लक्ष ठेवायला."

"आणि बंद आसला तर?"

"तर आम्हाला जाब द्यावा लागतो," साहेब म्हणाले. आणि जरा थांबून, "मारत नाहीत असं मी तुला म्हटलं नाही. मारायचं नसतं असं म्हटलं."

मी खूप भाषणं ऐकलीत, पोलीस आपले मित्र वगैरे. पण या एका वाक्यासाठी मी त्या साहेबांची कायम ऋणी राहीन. त्या पोरीला पालावर रोज जे दिसतं ते खोटं आहे असं कुणी सांगितलं असतं तर तिनं आयुष्यात परत कुणावर विश्वास ठेवला नसता. तिनं मान हलवली आणि गजाला एकदा हात लावून बघितला, गार आहे म्हणाली.

आणि बाहेर काय झालं ते मला नंतर मैत्रिणीनं सांगितलं. चहाच्या गाड्यावर बारका बसलेला, पंजाबी ड्रेस घातलेल्या एक बाई आल्या, शेजारी बसल्या, त्याला बिस्किट दिलं आणि गप्पा मारायला लागल्या. जत्रेचं विचारलं, फळीखाली काय काय दिसत होतं विचारलं. बारका सांगत सुटला, माणसांचे पाय दिसत होते म्हणाला, नुसते पाय, एका बाईच्या पैंजणाचं घुंगरू पडलं ते मी घेतलं. बराच वेळ झाल्यावर त्या म्हणाल्या, मी पण पोलीस आहे बरं का. बारक्यानं बिस्किट खाली ठेवलं. वर्दी कुठाय मग? तर त्यांनी सांगितलं की माझं काम लहान मुलांचं आहे, आणि मुलांशी बोलताना वर्दी घालायची नाही असा नियमच आहे, पोरं घाबरतात म्हणून. त्या ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकारी होत्या, सहायक फौजदार. बालन्याय कायद्याप्रमाणं प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी असतोच, पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, पण मुलाचा जबाब घेताना पोलिसानं साध्या कपड्यात असायचं असतं आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवून घ्यायचं नसतं. हे सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं. बारक्याशी बोलताना मात्र एवढंच म्हणाल्या, तू लपला होतास तेव्हा तुला शोधणारे हवालदार आत आहेत, त्यांना त्या दिवशी जेवायला पण मिळालं नव्हतं, भेटायचं का?

आम्ही परत अंमलदारांच्या टेबलाशी आलो होतो. ते स्टेशन डायरी दाखवत होते, आता कॉम्प्युटरवर असते ती, ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, कुठली गाडी कुठं निघाली, सगळं वेळेसकट. आमची पण नोंद होती. त्यांनी वाचून दाखवली, ११.०० वाजता वाचनालयाची २२ मुलं व दोन मोठी माणसं ठाणे भेटीसाठी हजर. आपलं नाव सरकारी वहीत लागलं म्हणून पोरं खूश, आणि मला ती संमतीपत्राला घाबरलेली आई आठवली.

तेवढ्यात दारातून बारका आला, त्या मॅडमच्या दोन पावलं मागं. हात धरलेला नव्हता, स्वतःच्या पायानं आला. मदत केंद्रातल्या त्या हवालदारांना लगेच ओळखलं त्यानं, कारण तोंडाकडं बघण्याआधी बुटांकडं बघितलं. "ह्येच," म्हणाला, "ह्येंचा ह्यो बूट मी बगितला हुता." हवालदार मामांना काय बोलावं सुचेना, त्यांनी नुसती टोपी काढून हातात धरली. मग बारक्यानं विचारलं, हरवलेलं पोरगं आणलं तर त्याला कुठं बसवता? मामांनी दाखवलं, खिडकीजवळ लाकडी बाक आहे, शेजारी पाण्याचा माठ. बारका जाऊन बाकावर बसला. पाय हलवले. उठून माठातलं पाणी प्याला, परत बसला.

अंमलदारांना मी म्हटलं, साहेब, आता २३ झाले, नोंद बदलायला लागेल. ते म्हणाले, डायरीत खोडायचं नसतं मॅडम, एकदा लिहिलं ते लिहिलं. मग खुर्ची पुढं ओढून दुसरी नोंद टाईप करायला लागले आणि बारका बाकावरून उठून टेबलाशी आला, टाचा उंच करून स्क्रीनवर बघायला लागला. १२.४० वाजता एक मुलगा हजर, म्हणत त्यांनी एकेक अक्षर मारलं आणि चष्म्यावरून बघून विचारलं, नाव काय लिहू?

बारक्यानं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं, आडनाव, गल्ली, आणि मग न विचारता आईचा मोबाईल नंबर, दहाच्या दहा आकडे.